गुंजेचे बी आणि संशयाचे विष

अल ऐन शहराच्या दक्षिणेला जबल हफीतचा डोंगर आहे. हिवाळ्यात हवा थंड झाली, की आमच्या समूहातील काही कुटुंबे सुटीच्या दिवशी त्याच्या पायथ्याशी जमतात. तेथील खडकाळ माळावर लांबट पानांची हिरवी झुडपे दूरवर पसरलेली दिसतात. आजूबाजूचे गवत उंट-शेळ्यांनी खाऊन संपविलेले असते, हे झुडूप मात्र टवटवीत असते. स्थानिक लोक त्याला ‘हरमल’ म्हणतात. अन्य अरब प्रदेशांत आणि इराणात हे नाव दुसऱ्याच एका वनस्पतीला आहे. येथील हरमल म्हणजे वनस्पतिशास्त्रातील ऱ्हाझिया स्ट्रिक्टा. त्याची पाने अतिशय कडू असल्याने जनावरे ती टाळतात, आणि म्हणूनच जेथे चराई अति झाली तेथे हेच झुडूप माजते. या वाळवंटातील जुन्या पिढीने ताप, जंत, मधुमेह अशा विकारांवर या कडू पानांचा उपयोग केला. त्यांच्या विषारीपणाचीही तिला जाणीव होती. अल ऐनमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या संयुक्त अरब अमिरात विद्यापीठातील संशोधकांनी १९९०च्या दशकात या झुडपाचे दोन्ही गुण, औषधी आणि विषारी, प्रयोगशाळेत तपासले.

गेल्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाच्या आई मराठवाड्यातून येथे आल्या होत्या. माळावरची ती हिरवी झुडपे पाहून त्या म्हणाल्या, “ढोर ज्याला तोंड लावत नाही, त्याला माणसानं जपून हात लावावा.” मग विषारी पाल्यांचा विषय निघाला, आणि त्यांनी लहानपणीची एक आठवण सांगितली. गावात एखाद्याचा धडधाकट बैल अचानक मेला, की ‘बैलाने काय खाल्ले?’ हा प्रश्न कोणी विचारत नसे. ‘काल गोठ्याकडे वाड्यावरचे कोण फिरकले होते?’ हा प्रश्न आधी येई. तोच मेलेला बैल ओढून नेण्यासाठी हाकही त्याच वाड्याला पडे.

त्या आठवणीने आमच्यापैकी अनेकांना आपापल्या आजी-आजोबांचे बोलणे आठवले. विषारी वनस्पती, त्यांपासून बनणारी औषधे, जनावरांचे मृत्यू आणि आमच्या समाजावर बसलेला संशय यांचा परस्परांशी असलेला संबंध इतिहासात शोधावा, असे आम्हाला वाटले. हा लेख त्या शोधाचे फलित आहे.

शिलालेखातील औषधी

आरंभ सम्राट अशोकापासून करणे उचित ठरेल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील त्याच्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे: एक माणसांसाठी, दुसरी पशूंसाठी. माणसांना आणि पशूंना उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या, आणि वाटेवर विहिरी खोदविल्या, असेही त्यात नमूद आहे. हे केवळ स्वतःच्या राज्यात केले असे नाही. चोळ, पांड्य, ताम्रपर्णी आणि पश्चिमेकडील यवन राजा अंतियोक यांच्या प्रदेशांचाही त्यात समावेश आहे. शिलालेखांची ही मालिका आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोहोचली होती. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, सापडला.

माणूस आणि पशू यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी ही दृष्टी धम्माच्या परंपरेतून आली होती. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल राजपुत्र अभयाने वाढविले. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याची परीक्षा घेतली. नगराभोवती एक योजन परिसरात फिरून, जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये, असे त्यांनी सांगितले. जीवक रिकाम्या हातांनी परतला. अशी एकही वनस्पती त्याला आढळली नव्हती.

या कथेचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. प्रत्येक वनस्पती निरुपद्रवी आहे, असे जीवक म्हणत नाही. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, किती प्रमाणात, कोणत्या रोग्याला द्यावा हे जाणणाऱ्यासाठी तिचा उपयोग आहे, एवढेच तो सांगतो. आणि तेही सात वर्षांच्या अध्ययनानंतर. शिवाय, ज्याच्या जन्माची जगाने उकिरड्यावर किंमत केली, तोच पुढे भगवान बुद्धांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. वनस्पतीची परीक्षा नावावरून होत नाही, तशी माणसाची परीक्षा जन्मावरून होत नाही, हे दोन्ही बोध त्या एकाच कथेत आहेत. पुढील इतिहास वाचताना ते ध्यानात ठेवावेत.

गोड पाला, घातक बी

गुंज मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. कुंपणावर चढणारी ही वेल शेंगा तडकल्या की ओळखू येते: लालभडक बी आणि त्यावर काळा ठिपका. तिचा पाला गोड असतो. तोंड आले तर तो चघळतात, विड्यातही घालतात. तिचे बी आकाराने बरेचसे सारखे असल्याने सोनाराच्या तराजूत वजन म्हणून वापरले जाई. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा मासांचा एक तोळा, म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा, हे कोष्टक आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ असे.

याच बियांत ‘अब्रिन’ नावाचे अत्यंत घातक विष असते. ते एक प्रथिन आहे. शरीरातील प्रत्येक पेशी स्वतःची प्रथिने ज्या सूक्ष्म यंत्रणेवर तयार करते, तीच यंत्रणा अब्रिन बंद पाडते, आणि पेशी मरते. बीचे कवच कठीण असल्याने अख्खे बी गिळले गेले तर ते बहुधा तसेच बाहेर पडते. पण चावलेले, फोडलेले किंवा दळलेले बी प्राणघातक ठरू शकते. या विषावर नेमका उतारा आजही उपलब्ध नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकाला हे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूलविषांच्या यादीत गुंजा आहे, आणि तिच्यासोबत ‘अश्वमारक’ म्हणजे कण्हेरही आहे. कण्हेरीचे हे संस्कृत नावच घोड्याला मारणारी असे सांगते. फारसी भाषेत तिला ‘खरजहरा’ म्हणतात. त्यात गाढवाच्या विषाचा उल्लेख आहे. दोन्ही भाषांतील लोकांनी हे झाड आपल्या जनावरांच्या मृत्यूवरून ओळखले होते. रसग्रंथांत गुंजेची गणना उपविषांत होते, आणि औषधात वापरण्यापूर्वी तिचे बी पोटलीत बांधून दुधात किंवा कांजीत शिजवावे, असा शोधनाचा विधी सांगितला आहे. उष्णतेने अब्रिनसारखे प्रथिन निकामी होते, हे आजचे रसायनशास्त्र सांगते. विधीमागचे कारण त्या काळी ठाऊक नसेल, परंतु निरीक्षण खरे होते.

हे निरीक्षण ग्रंथ लिहिणाऱ्यांपुरते मर्यादित असणे शक्य नव्हते. रानात ढोरे वळणारे, त्यांच्या आजारपणात पाला वाटून देणारे आणि मेल्यावर त्यांचे शरीर उघडणारे हात वेगळेच होते. आजारी जनावराचे आतडे, यकृत, फुप्फुस कसे दिसते हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांना पोथी लिहिण्याचा अधिकार नव्हता. म्हणून त्यांचे ज्ञान ग्रंथात आले नाही. त्यांचे नाव आले ते न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत, आणि तेही आरोपी म्हणून.

‘सुई’ची नोंद

इंग्रजी अमदानीतील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत ‘सुई’ किंवा ‘सुतारी’ या नावाने जनावरे मारण्याची एक रीत वर्णिलेली आहे. गुंजेचे बी पाण्यात वाटून, कधी त्यात धोतरा किंवा अफू मिसळून, त्या लगद्याचे सुमारे पाऊण इंचाचे टोकदार काटे करीत. उन्हात वाळवून ते कठीण झाले, की लाकडी मुठीत बसवून जनावराच्या कातडीखाली टोचीत. काटा आत मोडून राही, सूज येई आणि काही दिवसांत जनावर मरे. जखम इतकी लहान असे, की सर्पदंशाचाही भास व्हावा. याशिवाय सोमल, म्हणजे आर्सेनिक, हे खनिज विषही खाद्यातून दिले जाई. ते बाजारात सहज मिळत असल्याने मुंबई सरकारने १८६६ सालीच विषांच्या विक्रीवर कायदा केला. भारतीय दंडविधानाच्या ४२९व्या कलमात गाय-बैल, घोडा, उंट अशी जनावरे विष देऊन मारण्याला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती.

अशा घटना घडत होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेत आलेल्या काही नमुन्यांत विष खरोखर सापडले. प्रश्न वेगळा आहे. काही व्यक्तींच्या गुन्ह्यावरून एक संपूर्ण जात ‘विषप्रयोग करणारी’ ठरविणे कोणत्या पुराव्यावर आधारलेले होते?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून कातड्याची निर्यात वाढली आणि कातड्याला भाव आला. मेलेल्या जनावराचे कातडे हा ज्यांचा हक्क समजला जाई, त्यांना जनावर मरण्यात लाभ आहे, असे अनुमान अधिकाऱ्यांनी आणि जमीनदारांनी काढले. इतिहासकार सौरभ मिश्रा यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात १८५० ते १८९० या काळातील उत्तर भारताचा अभ्यास करून, चांभार समाजाची ‘वंशपरंपरागत विषप्रयोगी’ अशी ओळख वसाहती प्रशासनाच्या कागदपत्रांतून कशी घडत गेली, हे दाखविले आहे. याच काळात, १८७१ साली, संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदाही आला. माणसाचे कृत्य न पाहता कूळ पाहण्याची ही पद्धत इंग्रजांनी येथील जातिव्यवस्थेकडून घेतली आणि तिला सरकारी शिक्का दिला.

महाराष्ट्रात कामाची विभागणी थोडी वेगळी होती. मेलेले ढोर ओढणे महारांकडे, कातडी कमावणे ढोर समाजाकडे, चामड्याच्या वस्तू करणे चांभारांकडे. ओढण्याचे काम हक्काच्या नावाने दिलेले होते, पण ते नाकारण्याची मुभा नव्हती. ज्याला तुम्ही मृत जनावराला हात लावायला भाग पाडता, त्यालाच त्या मृत्यूचा लाभार्थी म्हणता, आणि लाभार्थी म्हणून त्याच्यावर संशय घेता. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग व्यवस्थेने ठेवलाच नव्हता. आमच्या वाडवडिलांच्या आठवणींतला गोठ्याचा प्रश्न याच फेऱ्यातून आलेला होता.

बीला मिळालेली प्रयोगशाळा

त्याच काळात गुंजेच्या बीची मात्र कसून चौकशी चालू होती. १८८२ साली पॅरिसमधील नेत्रवैद्य लुई द वेकर यांनी खुपरीच्या जुनाट विकारात गुंजेच्या बियांचा अर्क डोळ्यांत घालण्याचा उपचार सुरू केला. मूळ उपाय ब्राझीलच्या लोकवैद्यकातला. अर्काने डोळ्यांना तीव्र दाह होई, आणि तो ओसरताना जुना विकारही कमी होईल, अशी अपेक्षा असे. हा दाह कशामुळे होतो, यावर वाद पेटला. हूबर्ट झाटलर या नेत्रतज्ज्ञांनी त्या अर्कात एक जंतू असल्याचे सांगितले.

या मताला कलकत्त्यातून उत्तर मिळाले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे आणि बंगाल सरकारचे रासायनिक परीक्षक असलेले चार्ल्स वॉर्डन यांनी लॉरेन्स ऑस्टिन वॅडेल यांच्यासह १८८४ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. गुंजेचे विष जंतूमुळे होत नाही, ते बीतीलच एक प्रथिनमय द्रव्य आहे, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले आणि त्या द्रव्याला अब्रिन म्हटले. हेच वॉर्डन पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक आणि डेव्हिड हूपर यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या भारतीय वनौषधींवरील मोठ्या ग्रंथाचे सहलेखक झाले. तो १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाला. वॅडेल यांचे नाव बौद्ध वाचकांनी दुसऱ्या संदर्भात ऐकले असेल. अशोकाची राजधानी पाटलिपुत्र पाटण्यात नेमकी कोठे होती, यावर त्यांनी १८९२ साली लिहिले, आणि १८९५ साली तिबेटी बौद्ध धर्मावरील त्यांचा ग्रंथ आला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक आणि मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. ल्यॉन यांच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकाच्या पुढील आवृत्तीचे संपादनही त्यांनी केले.

पुढची पायरी बर्लिनमध्ये पॉल एर्लिख यांनी १८९१ साली गाठली. त्यांनी उंदरांना एरंडाच्या बीतील रिसिन आणि गुंजेतील अब्रिन अगदी अल्प मात्रेपासून वाढवीत नेऊन दिले. उंदीर त्या विषाला प्रतिकार करू लागले. परंतु रिसिनला सरावलेला उंदीर अब्रिनने मरे. प्रत्येक विषाविरुद्ध शरीर वेगळे, नेमके प्रतिद्रव्य तयार करते, हे त्यावरून सिद्ध झाले. आईचा हा प्रतिकार दुधातून पिलांना मिळतो, हेही त्यांनी लगेच पुढे दाखविले. रोगप्रतिकारशास्त्राच्या पायाभूत प्रयोगांत याची गणना होते, आणि त्या शास्त्रातील कार्यासाठी एर्लिख यांना १९०८ साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. आज आमची मुले लस टोचून घेतात, त्यामागच्या ज्ञानात आपल्या कुंपणावरच्या गुंजेचाही वाटा आहे.

हा क्रम आम्हाला विचार करायला लावतो. गुंजेच्या बीवर आरोप झाला, तेव्हा तिची बाजू तपासली गेली. दोष जंतूचा की बीचा, कवचाचा की गराचा, किती मात्रेचा, कोणत्या मार्गाने शरीरात गेलेल्या विषाचा, हे प्रश्न विचारले गेले, प्रयोग झाले, चुकीचे मत मागे पडले. ज्या माणसांवर त्याच बीच्या निमित्ताने आरोप झाला, त्यांच्या बाबतीत असा एकही प्रश्न पुरेशा काळजीने विचारला गेला नाही.

जनावरे खरोखर कशाने मरत होती?

हा प्रश्न विचारला असता, तर उत्तरे हाताशी होती. जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने गुरांच्या साथींविषयीचा अहवाल १८७१ साली दिला. बुळकांड्या हा रोग देशभर गुरांचा संहार करीत असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. या साथींच्या अभ्यासासाठी इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात सुरू झाली आणि १८९३ साली हिमालयातील मुक्तेश्वरला हलली. मुंबईत १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले होते. मुक्तेश्वरला १९२०च्या दशकात बुळकांड्याविरुद्ध परिणामकारक लस तयार झाली, आणि पुढील दशकांच्या लसीकरणानंतर २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. याशिवाय घटसर्प, फऱ्या आणि काळपुळी हे रोग होतेच. त्यांत धडधाकट दिसणारे जनावर एका रात्रीत मरू शकते.

दुसरे कारण शेतातच उभे होते. ज्वारीचे कोवळे पोंगे, कापणीनंतर आलेले फुटवे आणि पावसाअभावी खुंटलेले ताटे यांत असे द्रव्य असते, की जनावराने ते चघळताच त्यातून सायनाइडचे विष मोकळे होते. भुकेले जनावर अशा रानात शिरले, तर थोड्याच वेळात धाप लागून कोसळते. डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ साली हे द्रव्य वेगळे केले आणि ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून त्याला ‘धुरिन’ हे नाव मिळाले. मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानातील विषाचे नाव असे आमच्या सध्याच्या मुलुखातील भाषेतून आले आहे.

दुष्काळात चारा संपतो, तेव्हा जनावर एरवी टाळलेला पालाही खाते, खुंटलेली ज्वारीही खाते. साथीही अशाच काळात बळावतात. त्याच काळात कातडीही जास्त निघतात. मृत्यू आणि कातडी यांची ही जोडी पाहणाऱ्याने, एकाला दुसऱ्याचे कारण समजण्याआधी, दोन्हींमागचे तिसरे कारण पाहायला हवे होते. त्यासाठी शास्त्र ठाऊक असणेही आवश्यक नव्हते. ‘बैलाने काय खाल्ले?’ एवढा प्रश्न पुरेसा होता.

बाबासाहेबांनी तोडलेला फेरा

या पार्श्वभूमीवर महाडकडे पाहिले, की त्या परिषदेचा एक पैलू अधिक स्पष्ट होतो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला झालेल्या परिषदेतील चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. हे आवाहन स्वच्छतेपुरते किंवा इतरांच्या पसंतीपुरते नव्हते. मृत जनावराशी जोडलेल्या नात्यातून समाजाची अवहेलना होत होती, आणि ते नाते तोडण्याचा निर्णय समाजाने स्वतः घ्यायचा होता. गावोगावच्या महारवाड्यांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. ज्या कामाला गाव ‘तुमचा लाभ’ म्हणत होते, ते सोडल्यावर गावच संतापले. यावरून लाभ कोणाचा होता हे उघड झाले.

हीच बाब बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात पुन्हा घेतली. ढोरे ओढणे सोडल्याने समाजाचे उत्पन्न बुडते, या जुन्या आक्षेपाचा त्यांनी समाचार घेतला आणि पैशापेक्षा माणसाचा मान मोठा असल्याचे सांगितले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा विचार करताना मृत गाईच्या मांसाचा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला होता, आणि अस्पृश्य ठरविले गेलेले लोक मूळचे बौद्ध होते असा सिद्धान्त मांडला होता. पुढे १९५८च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली आणि त्या कामाचा कायदेशीर आधारही गेला.

संशय ज्या हेतूवर उभा होता, तो हेतूच समाजाने नाकारला, हे या लढ्याचे एक मोठे फळ आहे. मात्र संशय घेणाऱ्यांची सवय अजून गेलेली नाही. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणातील झज्जरजवळ दुलीना येथे गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांची जमावाने हत्या केली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. दोन्ही ठिकाणी मृत जनावर, कातडे आणि संशय हीच जुनी साखळी होती.

परदेशातील आपली जबाबदारी

हा इतिहास आम्ही मुलांना दोन कारणांसाठी सांगतो. पहिले कारण व्यवहारातले आहे. ‘झाडपाल्याचे औषध आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य आपल्या घरांत सर्रास ऐकू येते. अमिरातीतील उद्यानांत आणि रस्त्यांच्या कडेला कण्हेर पूर्वी शोभेसाठी लावली जाई. तिचे पान वाळले तरी विष कायम राहते, आणि छाटलेल्या फांद्या उंट-शेळ्यांपुढे पडल्या तर त्यांच्या हृदयावर घातक परिणाम होतो. माळावरचे कडू इंद्रायण, ज्याला येथे ‘हंझल’ म्हणतात, दोन्ही देशांत रेचक म्हणून माहीत आहे आणि दोन्हीकडे त्याच्या अतिसेवनाने माणसे आजारी पडली आहेत. हरमल, कण्हेर आणि आपली सदाफुली ही एकाच कुळातील झाडे. सदाफुलीतून १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून कर्करोगावरील औषधे मिळाली, ती पाने चावून मिळाली नाहीत. द्रव्य वेगळे करून, मात्रा ठरवून, रोग्यांवर काळजीपूर्वक तपासून मिळाली. म्हणून गुंजेच्या माळा लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, अनोळखी पाल्याचा काढा घेऊ नये, आणि घेतलाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. जीवकाची सात वर्षे आपण गाळून टाकू शकत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. पुरावा मागण्याची ही शिस्त वनस्पतीपुरती ठेवून चालणार नाही. अल ऐनमध्ये आपण अनेक देशांच्या, भाषांच्या आणि धर्मांच्या माणसांसोबत राहतो. कामगारांच्या वसाहतीत चोरी झाली, की ‘अमुक देशाची माणसे तशीच असतात’ हे वाक्य आपल्याच तोंडून निघून जाते. ज्यांच्या आजोबांना गोठ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले, त्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारू नये. कृत्य कोणाचे, पुरावा कोणता आणि दुसरे कारण संभवते का, हे विचारणे म्हणजेच आपल्या परंपरेतील प्रज्ञा होय.

मराठवाड्याहून आलेल्या त्या आई आता परत गेल्या आहेत. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्या मुलांना माळावर नेऊन हरमल, रुई आणि इंद्रायण ओळखायला शिकविले: कोणते हुंगावे, कोणत्याला हात लावू नये, कोणत्याचा चीक डोळ्यांत गेला तर काय होते. मुलांनी त्या झुडपांची नावे मराठीत आणि अरबीत वहीत लिहून घेतली. आमच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या असलेले आणि कधीच न लिहिले गेलेले ज्ञान त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर उतरले. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांकडून असे ज्ञान, त्यासोबतच्या आठवणींसह, लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.